मनाला वेसण आणि पराणी



अभ्यासात किंवा कामात यश कशाने मिळते, असे विचारले तर बहुतेक जण हुशारी, ओळखी किंवा नशीब यांची नावे घेतात. स्वयंशिस्तीचे नाव शेवटी येते. "पोराला डोकं आहे, फादर, पण तो बसतच नाही," ही तक्रार मात्र घरोघरी आहे. हे 'बसणे' म्हणजे काय आणि ते शिकता येते का, याचा आज विचार करू या.

आपल्या किल्ल्यातील उदाहरण

९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत अटक झालेल्या काँग्रेस नेत्यांना अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, भुईकोट किल्ल्यात ठेवण्यात आले. पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव असे एकूण बारा जण तेथे होते. सुटका कधी होईल हे कुणालाच ठाऊक नव्हते. सुरुवातीला वर्तमानपत्रेही मिळत नव्हती. अशा वेळी माणूस खचतो किंवा दिवस मोजत बसतो.

या मंडळींनी काय केले? नेहरूंनी बाग करायला घेतली. जमीन वाईट होती, जुन्या बांधकामाच्या दगडमातीने भरलेली. ती भर उन्हात खणून त्यांनी फुलांचे वाफे तयार केले. पुस्तक लिहायला त्यांनी सुरुवात केली ती एप्रिल १९४४ मध्ये, म्हणजे किल्ल्यात येऊन वीस महिने झाल्यावर. मग सप्टेंबरपर्यंतच्या पाच महिन्यांत सुमारे हजार हस्तलिखित पाने झाली. तोच 'भारताचा शोध' हा ग्रंथ, १९४६ साली प्रसिद्ध झालेला. मन लगेच एकाग्र होत नाही, हे यातून शिकावे. आधी जमीन खणावी लागते, दगड वेचावे लागतात.

मौलाना आझाद पहाटे तीन-चारच्या सुमारास उठत, स्वतःचा चहा स्वतः करीत आणि लिहायला बसत. ती पत्रे धाडता येणार नव्हती, तरी ते लिहीत राहिले. पुढे त्यांचे 'गुबार-ए-खातिर' हे पुस्तक झाले. १९४३ साली त्यांची पत्नी कलकत्त्यात गंभीर आजारी पडली. त्यांनी सरकारकडे सवलत मागितली नाही. रोजचा क्रम मोडू नये म्हणून ते धडपडत राहिले. एप्रिलमध्ये पत्नीच्या निधनाची बातमी किल्ल्यातच आली. वरून आपण शांत दिसत होतो, पण आत तसे नव्हते, हे त्यांनी प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. शिस्त म्हणजे मनात वादळ नसणे नव्हे. वादळ असतानाही ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी बसणे, ती शिस्त.

परंपरा काय सांगते

मन भरकटणे ही मोबाईलची देणगी नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातील संन्यासी इव्हाग्रियस याने 'भरदुपारच्या सैताना'चे वर्णन केले आहे. दुपारी साधकाला दिवस संपता संपत नाही असे वाटते. तो सारखा खिडकीकडे पाहतो, सूर्य किती कलला ते बघतो, कुणी भेटायला येते का याची वाट पाहतो. आज खिडकी खिशात आली, एवढाच फरक!

संत थॉमस अक्वायनस यांनी अभ्यासवृत्तीला संयमाच्या सद्गुणाखाली जागा दिली. त्यांच्या मते येथे दोन गोष्टी लागतात. जे जे दिसेल ते जाणून घेण्याची हाव आवरावी लागते. पण शरीर कष्ट टाळते, म्हणून त्याला पुढेही ढकलावे लागते. बैल हाकणाऱ्यांना हे लगेच कळेल: वेसण हवी, तशी पराणीही हवी. आपण मुलांना बहुधा एकच लावतो. मोबाईल काढून घेतो, पण पुस्तक उघडून शेजारी बसत नाही.

आणि अ‍ॅरिस्टॉटल सांगतो की घरे बांधूनच माणूस गवंडी होतो, वाद्य वाजवूनच वादक होतो. 'मूड आला की करतो' म्हणणारा उलटी वाट धरतो. आधी कृती, मग सवय, आणि गोडी त्यानंतर.

एक प्रामाणिक शंका

कुणी म्हणेल, "फादर, त्यांना तुरुंगात दुसरे काम काय होते? आमच्या मुलीला धार काढायची, पाणी भरायचे, एकाच खोलीत टीव्ही चालू." शंका रास्त आहे. किल्ल्यातील कैद्यांना भिंती मिळाल्या होत्या. आपल्याला वेळेच्या भिंती स्वतः बांधाव्या लागतात, आणि त्या एकट्या मुलाला बांधता येत नाहीत. सारे घर टीव्हीसमोर बसले असता दहावीच्या मुलाने कोपऱ्यात एकाग्र व्हावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. त्याची शिस्त ही घराची शिस्त असते.

या आठवड्यासाठी

१. रोज एकच ठरावीक वेळ आणि एकच जागा निवडा. अर्धा तास चालेल, पण तो चुकवू नका.
२. त्या वेळात घरातील सर्वांचे मोबाईल दुसरीकडे ठेवा. वडिलांचाही.
३. बसण्याआधी आजचे काम एका ओळीत कागदावर लिहा. उठताना किती झाले ते पाहा.
४. मन भटकले तर स्वतःला दोष देत बसू नका. पुन्हा त्याच ओळीवर या.
५. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका, नेहमीइतकेच करा.

शेतावर, दुकानात किंवा एमआयडीसीत काम करणाऱ्यांनीही हे करून पाहावे. एक काम हातावेगळे केल्याशिवाय दुसऱ्याला हात घालू नये.

कुटुंबात चर्चेसाठी

(वाचन: करिंथकरांस पहिले पत्र ९:२४-२७)

• संत पौलाने धावपटूचे उदाहरण का घेतले असावे?
• आमच्या घरातील 'खिडकी' कोणती?
• मुलाच्या अभ्यासासाठी मी स्वतः कोणती एक सवय सोडायला तयार आहे?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी आई-वडिलांनी द्यावे.