आंतील जखमेची राखण
वाचनाचा भाग: लूक 10:25–37

यरीहोच्या वाटेवर जखमी होऊन पडलेल्या मनुष्याचा दाखला आपल्या मंडळ्यांत लहान मुलांसही ठाऊक आहे. शोमरोन्यानें त्याच्या जखमा बांधिल्या, हें आपण नेहमीं सांगतों. परंतु त्याला उतारशाळेंत नेऊन, दुसऱ्या दिवशीं निघतांना पुढील शुश्रूषेचीही तजवीज त्यानें केली, ह्याकडे आपलें लक्ष कमी जातें. जखम बांधली म्हणजे काम संपलें, असें त्यानें मानिलें नाहीं. हाच बोध आज आम्ही शरीराच्या एका दुखण्यास लावून पाहणार आहों.

पुष्कळांच्या मोठ्या आंतड्यांत आंतल्या बाजूस मांसाचे लहान अंकुर वाढतात. त्यांस डॉक्टर पॉलिप म्हणतात. बहुतेक निरुपद्रवी असतात, परंतु कांहींचा पुढें कर्करोग होतो. म्हणून ते काढणें हिताचें. सन 1969 मध्यें न्यूयॉर्क येथें डॉक्टर वुल्फ व डॉक्टर शिन्या ह्यांनीं, पोट न चिरतां, गुदद्वारांतून घातलेल्या दुर्बिणीच्या साह्यानें व तारेच्या फासानें पॉलिप कापण्याची रीत सुरू केली. रोगी बहुधा त्याच दिवशीं घरीं जातो. परंतु घरीं गेला म्हणजे बरा झाला असें नव्हे.

धोका कोणता? आंतील जखमेवर खपली धरते. कांहीं दिवसांनीं ती गळतांना खालची रक्तवाहिनी उघडी पडली, तर रक्त वाहूं लागतें. हें बहुधा पहिल्या 14 दिवसांत घडतें, क्वचित् त्याहून उशिरां. थोड्यांसच होतें, पण पॉलिप 20 मिलिमीटर किंवा मोठा असला, आंतड्याच्या उजव्या भागांत असला, अथवा रोगी रक्त पातळ करणारें औषध घेत असला, तर भय अधिक.

डॉक्टर काय करितात? लहान पॉलिप विजेची उष्णता न लावतां नुसत्या फासानें कापितात, कारण उष्णतेनें खोलवरच्या वाहिन्यांस इजा होते. तैवानांतील 4,000 हून अधिक रोग्यांच्या, 2023 सालीं प्रसिद्ध झालेल्या तपासणींत, 4 ते 10 मिलिमीटरच्या पॉलिपांत उष्ण फासानें शेंकडा 1.5 जणांस उशिरां रक्तस्राव झाला, थंड फासानें 0.4 जणांस. देंठ नसलेला मोठा पॉलिप उजव्या भागांत असल्यास जखमेच्या कडा धातूच्या बारीक चिमट्यांनीं जुळवितात; 2019 च्या एका तपासणींत अशा रोग्यांत हें प्रमाण शेंकडा 9.6 वरून 3.3 वर आलें. हे चिमटे पुढें आपोआप गळून पडतात.

रोग्यानें काय करावें?

1. आपण घेत असलेलें प्रत्येक औषध डॉक्टरांस आधींच सांगावें. रक्त पातळ करणारी गोळी स्वतः होऊन बंद करूं नये. तसें केल्यानें हृदयांत किंवा मेंदूंत गांठ होऊन प्राणावर बेतेल. ती कधीं थांबवावी व कधीं पुन्हा घ्यावी, हें डॉक्टरांकडून लिहून घ्यावें.
2. डॉक्टरांस विचारल्यावांचून दुकानांतून दुखणें थांबविणारी गोळी आणूं नये.
3. जड ओझें व दूरचा प्रवास किती दिवस टाळावा, तें निघण्यापूर्वीं विचारावें.
4. पुष्कळ किंवा वारंवार लाल रक्त पडलें, गांठी पडल्या, शौच डांबरासारखें काळें झालें, घेरी आली, छाती धडधडूं लागली, तर सकाळची वाट न पाहतां मोठ्या दवाखान्यांत जावें. तेथें पुन्हा दुर्बीण घालून रक्त बहुधा थांबवितां येतें. पोटांत तीव्र वेदना किंवा ताप असला तरीही जावें.

उपदेशकांस विनंति. आपले लोक शौचाची गोष्ट बोलण्यास लाजतात. रक्त दिसलें तर मूळव्याध समजून झाडपाल्याचें औषध घेतात. कोणी प्रार्थना केली म्हणजे दवाखान्याची गरज नाहीं असेंही म्हणतात. बंधूंनो, शोमरोन्यानें तेल व द्राक्षारस जखमेवर ओतिला, तो अविश्वासानें नव्हे, दयेनें ओतिला. ज्या घरीं असा रोगी आला असेल तेथें दोन आठवडे जात जा. प्रार्थना करा, आणि शौचास रक्त पडतें काय, हेंही न लाजतां विचारा. रात्रीं गाडी कोणाची मिळेल व पैसे कोण देईल, हें मंडळीनें आधींच ठरवून ठेवावें. शेजारी होणें म्हणजे हेंच.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न: शोमरोन्यानें दुसऱ्या दिवशीं काय केलें? जखम झाल्यावर कांहीं दिवसांनीं रक्त कां वाहतें? आपल्या गांवांतून रात्रीं रोगी नेण्याची सोय काय आहे?