रानकॉफीचे शेवटचे झाड

हिंदी महासागरात, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे दोन हजार किलोमीटर पूर्वेस मॉरिशस नावाचे बेट आहे. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांत काम करण्यासाठी हिंदुस्थानातून जे हजारो मजूर तेथे नेण्यात आले, त्यांत मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तेथे राहतात, गणेशोत्सव साजरा करतात, आणि तेथील शाळांतून मराठी शिकवली जाते. मॉरिशसच्या पूर्वेस आणखी साडेपाचशे किलोमीटरांवर रॉड्रिग्ज नावाचे त्याचे धाकटे भावंड आहे. त्याचे क्षेत्रफळ अवघे १०८ चौरस किलोमीटर. या दोन बेटांवरील झाडांची कथा मोठी विलक्षण आहे.

ही बेटे ज्वालामुखीतून जन्मली. सुमारे ८० लक्ष वर्षांपूर्वी मॉरिशस समुद्रातून वर आले, तेव्हा तेथे काळ्या खडकावाचून दुसरे काहीच नव्हते. मग तेथे झाडे कोठून आली? एखादे बी वाऱ्याबरोबर आले, एखादे पाखराच्या पोटातून आले, एखादे लाटांवर तरंगत किनाऱ्याला लागले. एवढ्या अफाट सागरात त्या इवल्याशा बेटावर नेमके येऊन पडणे किती दुर्घट, याची कल्पना करा! परंतु निसर्गाजवळ वेळेला तोटा नसतो. जे बी रुजले त्याच्या पिढ्यांमागून पिढ्या झाल्या, आणि तेथील माती, वारा व पाऊस यांना अनुरूप असे पालट त्यांच्यात होत गेले. अशा रीतीने मॉरिशसमध्ये फुलझाडांच्या सुमारे ६९० मूळच्या जाती नांदू लागल्या. त्यांपैकी सुमारे २७० जाती जगात अन्यत्र कोठेही आढळत नाहीत.

या रानात हरिण नव्हते, शेळी नव्हती, उंदीरही नव्हता. वटवाघळे सोडली तर सस्तन प्राणी असा एकही नव्हता. पाला खाणारी होती ती महाकाय कासवे. रॉड्रिग्जवर १६९१ साली उतरलेल्या लगा नावाच्या एका फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवले आहे की, तेथे कासवांचे थवे इतके दाट असत की त्यांच्या पाठींवरून पाऊल जमिनीला न लावता शंभर पावले चालत जाता येई. या कासवांपासून आपला बचाव करण्याची युक्तीही काही झाडांना साधली होती. रॉड्रिग्जवर रानकॉफी नावाचे एक लहानसे झाड आहे. तेथील लोक त्याला ‘कॅफे मारों’ म्हणतात. कॉफी आणि आपल्या अंगणातील अनंत ज्या कुळात मोडतात त्याच कुळातले हे झाड. त्याला चांदणीसारखी पांढरी शुभ्र फुले येतात. त्याचे रोप लहान असते तेव्हा त्याची पाने लांब, अरुंद आणि तपकिरी रंगाची असतात, जणू वाळलेला पाचोळाच! झाड उंच वाढले म्हणजे तीच पाने रुंद व हिरवीगार होतात. कासवाची मान पोहोचेल तेथवर हा कोवळा पाला त्याच्या नजरेस पडू नये, म्हणून ही योजना असावी, असे शास्त्रज्ञांना वाटते.

माणूस आला आणि सारेच पालटले. १५९८ साली डच खलाशी मॉरिशसला उतरले व १६३८ मध्ये त्यांनी तेथे वसाहत केली. त्यांना हवे होते ते आबनुसाचे काळेभोर लाकूड. १६३९ साली त्यांनी जावा बेटावरून हरणे आणून सोडली. डुकरे आली आणि जहाजांतून उंदीरही उतरले. डोडो हा न उडणारा पक्षी सतराव्या शतकातच नष्ट झाला, हे तुम्ही ऐकलेच असेल. पक्षी गेला तर जगभर बोभाटा होतो. झाड जाते ते मुकाट्याने. पुढे फ्रेंच आले, १८१० साली इंग्रज आले, आणि उसासाठी रानेच्या राने तोडली गेली. त्या मळ्यांत आपल्या लोकांचेही हात राबले. पोटासाठी समुद्र ओलांडून आलेल्या त्या गरिबांना दोष कोण देईल? आज मॉरिशसमध्ये मूळचे चांगले रान शंभरातील दोन भागांइतकेसुद्धा शिल्लक नाही. दुरून पाहणाऱ्याला डोंगर अजूनही हिरवे दिसतात खरे, परंतु त्यांतली पुष्कळशी हिरवळ परक्यांची आहे. ब्राझीलकडून आलेल्या लहान तांबड्या पेरूची झुडपे इतकी दाट माजली आहेत की, त्यांच्या सावलीत मूळच्या झाडांचे रोप तगत नाही. त्या पेरूची फळे मात्र गोड असतात आणि लोक ती आवडीने खातात. असा शत्रू हुसकणे अधिकच कठीण!

रॉड्रिग्जची गतही याहून निराळी झाली नाही. कासवे हजारोंनी मारून जहाजांवरून नेली गेली. रानाला आगी लागल्या. शेळ्यांनी व गुरांनी उरलासुरला पाला ओरबाडला. १८७४ साली शुक्राचे अधिक्रमण पाहण्यासाठी तेथे गेलेल्या इंग्रज मंडळींबरोबर बाल्फोर नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांनी रानकॉफीची शास्त्रीय नोंद केली. पुढे विसाव्या शतकात ती कोणाच्याच दृष्टीस पडेनाशी झाली आणि तिची गणना नामशेष झालेल्या वनस्पतींत होऊ लागली.

१९८० च्या सुमारास रॉड्रिग्जमधील एका शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांना परिसरातील वनस्पतींचा शोध घेण्यास सांगितले. एक मुलगा एका झुडपाची डहाळी घेऊन आला. ती पाहून शिक्षक चकित झाले. खात्री करून घेण्यासाठी डहाळी लंडनजवळील क्यू येथील विख्यात वनस्पती-उद्यानात पाठवण्यात आली. उत्तर आले : ही रानकॉफीच! रस्त्याच्या कडेला, गुराढोरांनी खाऊन खुरटलेले असे ते एकुलते एक झाड उभे होते. त्याच्या जवळून रोज माणसे ये-जा करीत, पण ते झाड कोणते हे कोणालाच माहीत नव्हते.

आता हे झाड सुरक्षित झाले, असे तुम्हांला वाटेल. घडले ते उलटेच. या झाडाने रोग बरे होतात असा समज त्या बेटावर पूर्वापार होता. झाड सापडल्याची वार्ता पसरताच लोक त्याच्या फांद्या व साल तोडून नेऊ लागले. म्हणून त्याच्याभोवती कुंपण घालण्यात आले. ते पुरेना, तेव्हा बाहेरून आणखी कुंपण घालावे लागले. ज्याला शतकभर कोणी विचारले नाही, ते झाड ओळख पटल्यामुळेच संकटात सापडले.

१९८६ साली त्याच्या फांद्यांचे काही तुकडे विमानाने क्यूला नेण्यात आले. त्यांपैकी एकाने मूळ धरले, आणि त्याच्यापासून पुढे छाट कलमे करून बरीच झाडे तयार झाली. ती फुलांनी बहरू लागली, पण फळ काही धरेना. सारी कलमे एकाच झाडाची, म्हणजे अनेक दिसली तरी ती एकच. बी नाही तर नवी पिढी नाही. वर्षांमागून वर्षे गेली. पुढे कार्लोस माग्दालेना नावाच्या एका तरुण उद्यानतज्ज्ञाने या कामाचा ध्यास घेतला. फुलातील स्त्रीकेसराच्या टोकाला कुक्षी म्हणतात; तेथे पराग रुजला तरच फळ धरते. या झाडाच्या कुक्षीवर पराग रुजत नसे. त्याने कुक्षी छाटून टाकून त्या कापावर पराग ठेवून पाहिले. कितीतरी फुले वाया गेली, तरी त्याने प्रयत्न सोडला नाही. अखेर २००३ साली एका फुलाचे फळ झाले आणि त्यात बिया भरल्या. त्या बियांपासून रोपे झाली. त्या रोपांची पाने लांब, अरुंद व तपकिरी होती. पुढे या वंशातील बिया रॉड्रिग्जलाही पोचल्या.

सर्वच झाडांच्या वाट्याला असे भाग्य येत नाही. मॉरिशसमध्ये क्यूरपीप नावाचे गाव आहे. तेथील उद्यानात ताडामाडाच्या कुळातील एक वृक्ष आहे. त्याच्या जातीचे दुसरे झाड जगात कोठेही ज्ञात नाही. त्याची नरफुले आधी उमलून गळून जातात आणि मादीफुले मागाहून येतात, त्यामुळे त्याला स्वतःचा पराग स्वतःस मिळत नाही. प्रयोगशाळेत काचेच्या नळीत त्याची रोपे वाढवण्याचा यत्न झाला, परंतु बाहेर मातीत लावल्यावर ती जगली नाहीत.

मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्याजवळ केवळ २६ हेक्टरांचे एक बेट आहे. त्याच्या फ्रेंच नावाचा अर्थ बगळ्यांचे बेट. त्यावर आबनुसाचे थोडे रान तग धरून होते. हा आबनूस म्हणजे आपल्याकडील टेंभुर्णीचाच भाऊबंद. बेटावरचे उंदीर नाहीसे करण्यात आले आणि परकी झुडपे मुळासकट उपटण्यात आली. तरीही एक अडचण राहिली होती. आबनुसाची मोठी फळे गिळून दूर नेणारी कासवे केव्हाच संपली होती; त्यामुळे फळे आईच्या पायाशीच पडत आणि तोडलेल्या भागात नवे झाड उगवत नसे. २००० साली तेथे दूरच्या आल्डाब्रा बेटावरील जातीची महाकाय कासवे सोडण्यात आली. ती नातलग खरी, पण मूळची नव्हेत. त्यांनी फळे खाल्ली, आणि सावकाश हिंडत जेथे जेथे ती गेली तेथे तेथे त्यांच्या विष्ठेतून बिया पडल्या. कासवाच्या पोटातून आलेले बी अधिक चांगले उगवते, असे तपासणीत आढळून आले. उजाड जागी आता आबनुसाची रोपे दिसू लागली आहेत. आबनूस फार सावकाश वाढतो. ती रोपे अजून लहानच आहेत.