नवे बिऱ्हाड का येते, का टिकते?



बाजार बसला की आपण वीज, सुताचे भाव आणि सरकार यांना दोष देतो. तो दोष खोटा नाही. पण बाहेरून आलेल्या माणसाला आणखी एक गोष्ट दिसते. गावात नवे बिऱ्हाड येणे थांबलेले असते. मी मूळचा मालेगावचा, व्यापारानिमित्त सोलापुरात आलो. म्हणून सोलापूरचेच उदाहरण घेऊ.

येथे १८७७ साली जुनी मिल निघाली. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले आणि शहर वाढले. पुढे मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. चादर व टॉवेल यंत्रमागावर तगले. २००१ मध्ये लोकसंख्या ८,७२,४७८ होती, २०११ मध्ये ९,५१,५५८ झाली. वाढ सुमारे ९ टक्के. त्याच काळात राज्याची सुमारे १६ टक्के. येणारे घटले आणि तरुण पुण्याकडे निघाले, असाच याचा अर्थ लागतो.

पूर्वी लोक का आले? हातात हुनर होता आणि येथे माग मिळत होता. पुरुष मागावर, बाई विड्या वळायला, म्हणजे घरात दोन मिळकती. शिवाय आधी आलेला नातलग आधार देई.

नव्या माणसाला पहिली वर्षे जड जातात, हे जुने राज्यकर्ते ओळखून होते. नवी पेठ वसवताना कौल देऊन काही वर्षे कर माफ करीत. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्याला इस्तावा मिळे. सारा थोडा थोडा वाढवीत पूर्ण दरावर नेत.

आज कौल देणे आपल्या हाती नाही. पण पुढील गोष्टी आहेत:

१. उचल देऊन माणूस येतो, पण फिटत नसलेली उचल त्याला बांधते. बापाला बांधलेला पाहून मुलगा मागाकडे फिरकत नाही. उचल कमी, मजुरी वेळेवर आणि हिशेब लेखी ठेवा.

२. शिलाई, घडी, पॅकिंगचे काम त्याच घरातील बाईला द्या.

३. राहण्याची सोय आधी पाहा. कुंभारीजवळ कामगारांसाठी हजारो घरे उभी राहिली. स्वतःचे छप्पर असलेला कामगार सहज गाव सोडत नाही.

४. नवख्याला हुनर शिकवताना हात राखू नका.

१८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनी मालेगावला कापडाचे गाव केले. आलेला माणूस नुसता मजूर नसतो. तो गिऱ्हाईक असतो आणि उद्याचा कारखानदारही. त्याला पाय रोवू दिले तर बाजारात बरकत येते.