आपल्या शरदात काय गळतं?

अनुवादाच्या तासाला इंग्रजीतला 'ऑटम' आला की आपण लगेच 'शरद' लिहितो आणि पाठोपाठ पानगळीचं वर्णन सुरू करतो. शब्दकोशाच्या हिशेबाने 'शरद' बरोबरच आहे. पण माझं घर बालाघाट जिल्ह्यात, बैहरच्या पठारावर आहे. तिथे भाद्रपद-आश्विनात पानगळ दिसत नाही. सालाचं रान हिरवंगार असतं. त्याची जुनी पानं पडतात ती फाल्गुनाच्या सुमारास, आणि लगेच नवी पालवी फुटते. मग आपला शरद ओळखायचा कसा? माझं उत्तर असं, की झाडांऐवजी पशुपक्ष्यांकडे पाहून.

आधी जागेविषयी. बालाघाट म्हणजे घाटावरचा प्रदेश. एकोणिसाव्या शतकात भंडारा, मंडला आणि शिवनीचे भाग जोडून हा जिल्हा झाला. खाली वैनगंगेचं भाताचं खोरं, वर मैकलच्या डोंगररांगा. कान्हा राष्ट्रीय उद्यानाचं मुक्की प्रवेशद्वारही याच जिल्ह्यात आहे. जुलै ते सप्टेंबर उद्यान पर्यटकांना बंद असतं, आणि नेमका त्याच काळात ऋतू कूस बदलतो. म्हणून तो जिप्सीतून दिसत नाही, परसदारातून दिसतो.

गळणारे

आपल्याकडे पानं नाही, पिसं गळतात. पावसाळाभर मिरवलेला मोराचा पिसारा ऑगस्टपासून झडू लागतो आणि तोच मोर सप्टेंबरात लांडा होऊन हिंडतो. कान्हाच्या कुरणांत बारशिंग्याच्या वाढत्या शिंगांवर मखमलीसारखी त्वचा असते. पावसाळा सरताना ती निघून जाते आणि टणक शिंगं उघडी पडतात. त्याचा विणीचा हंगाम पुढे हिवाळ्यात येतो, ही त्याची तयारी.

जाणारे आणि येणारे

पावसाबरोबर आलेला चातक परत निघतो. नवरंग पक्षी दक्षिणेकडे, काही तर श्रीलंकेपर्यंत जातात. त्याच सुमारास हिमालयातून करडा धोबी उतरतो आणि ओढ्याकाठच्या दगडांवर शेपटी हलवत फिरतो. आमच्याकडे थंडीची पहिली वर्दी हाच देतो. पाठोपाठ तारांवर माळभिंगऱ्या बसू लागतात.

इथे साहित्याच्या विद्यार्थ्याने थांबावं. कीट्सने सप्टेंबर १८१९ मध्ये शरदावर जी प्रसिद्ध कविता लिहिली, तिच्या शेवटी भिंगऱ्या जमतात. त्या इंग्लंड सोडून जाणाऱ्या भिंगऱ्या. आपल्याकडे त्याच ऋतूत त्या मुक्कामाला येतात. तिथे निरोप आहे, इथे आगमन. कवितेचा अनुवाद करताना शब्द जुळतील, पण भिंगरी पाहून मनात येणारा भाव बदलेल. हे वर्गात बसून कळत नाही, तारांकडे पाहिल्यावर कळतं.

थांबणारे

बेडकांचा गलका ओसरतो. झाडांमध्ये नेफिला कोळ्याची मोठी, सोनेरी छटेची जाळी दिसतात; मधोमध बसलेली मादी तळहाताएवढी, आणि कडेला इवलासा नर.

हे लिहून का ठेवायचं?

१९७० मध्ये कान्हात फक्त ६६ बारशिंगे उरले होते. कुणीतरी मोजत होतं म्हणून हे कळलं, आणि कळलं म्हणून ते वाचवता आले. आज ते शेकड्यांनी आहेत. भाषेचंही तसंच आहे. शेजारच्या नवेगावबांधच्या रानात वनाधिकारी म्हणून राहिलेल्या मारुती चितमपल्लींनी कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार', बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार' असे शब्द मराठीला दिले. आधी पाहणं, मग शब्द. आपण मात्र शब्द उसना घेतो आणि पाहायचं राहून जातं.

स्वाध्याय

१ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा काळ अनेक चर्चमध्ये 'सृष्टीचा काळ' म्हणून पाळतात. शेवटचा दिवस असिसीच्या संत फ्रान्सिसचा. या ३४ दिवसांत रोज एक ओळ लिहा: तारीख, वेळ, जागा, काय दिसलं किंवा ऐकू आलं. 'सुंदर', 'मनमोहक' ही विशेषणं वापरायची नाहीत. पक्ष्याचं नाव ठाऊक नसेल तर घरातल्या मोठ्यांना विचारा आणि ते मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी, ज्या भाषेत सांगतील त्याच भाषेत टिपून ठेवा. पहिला धोबी दिसेल ती तारीख मात्र ठळक लिहा. पुढच्या वर्षी तीच तारीख पुन्हा पाहायची आहे.