वर्षावास, चारिका आणि पालीचा अभ्यास

आपल्या वसतिशाळेत पालीचे सखोल वर्ग आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत चालतात. ते संपत नाहीत तोच शरदातील सहल येते, आणि पाठोपाठ शासकीय दिनदर्शिकेत जिला दिवाळीची सुट्टी म्हणतात ती सुट्टी लागते. तीन महिन्यांत जे कमावले ते तीन आठवड्यांत विसरले जाते, मग सहली आणि गावच्या भेटी कमी का करू नयेत, असा प्रश्न अनेक पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आम्ही धम्माच्या इतिहासातूनच देऊ इच्छितो.

भगवान बुद्धांच्या संघाने वर्षाचे दोन भाग केले होते. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खू एका ठिकाणी राहत आणि पाठांतर, चर्चा व ध्यान करीत. हा वर्षावास होय. त्याच्या अखेरीस पवारणा होई. पवारणेत प्रत्येक जण आपल्यातील उणिवा दाखवून देण्याची विनंती इतरांना करी. त्यानंतर चारिका सुरू होई आणि जे आत्मसात केले ते गावोगाव पोहोचे. परंपरेनुसार इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात श्रीलंकेत त्रिपिटक लिहिले गेले. तोवर बुद्धवचन मुखोद्गत राहिले, ते स्थिर अध्ययन आणि लोकांमधील संचार या दोहोंच्या बळावर. चारिकेत अध्ययनाची कसोटी लागत असे. आमची सहल आणि सुट्टी आम्ही याच दृष्टीने आखतो.

प्रथम सहलीविषयी. नाशिकजवळच्या त्रिरश्मी लेण्यांत, क्रमांक १० च्या लेण्यात, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे ब्राह्मी लिपीतील लेख आहेत. ते सुमारे १९०० वर्षांपूर्वीचे असून त्यांतील दानलेखांची भाषा मुख्यतः प्राकृत, म्हणजे पालीची जवळची बहीण आहे. त्यांपैकी एका लेखात ३००० कार्षापणांच्या अक्षयनिधीची नोंद आहे. त्यातील २००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या व्याजाने ठेवले होते. मूळ रक्कम परत घ्यावयाची नव्हती, केवळ व्याज वापरावयाचे होते. त्या व्याजातून, लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळत.

विद्यार्थ्यांनी येथे हिशेब करून पाहावा. दरमहा २० म्हणजे वर्षाला २४० कार्षापण, आणि वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा म्हणजेही २४०. शिलालेखाचा हिशेब चोख आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात येते. लेखातील 'वीस' आजही आपल्या तोंडी आहे आणि 'बारस' आपल्याकडे 'बारा' होऊन आला आहे. 'भिखु' आणि 'लेण' हे शब्द तर समजावून सांगण्याचीही गरज नाही. वर्गात घोकलेली विभक्ती दगडावर ओळखता आली की ती सहसा विसरत नाही. मात्र सहलीच्या दिवशी वाचनाला एकच तास द्यावा. उरलेला वेळ डोंगर चढण्यासाठी, डबा खाण्यासाठी आणि मित्रांसोबत हुंदडण्यासाठी असावा. सहलीचा वर्ग केला, तर सहलही जाते आणि वर्गही.

आता घरच्या भेटीविषयी. त्रिसरण आणि पंचशील आपल्या घराघरांत म्हटले जाते, परंतु त्यातील शब्दांची फोड घरात क्वचितच कोणाला ठाऊक असते. सुट्टीत विद्यार्थ्याने आई-वडिलांना, आजीला एवढेच सांगावे की 'गच्छामि' म्हणजे 'मी जातो' आणि 'समादियामि' म्हणजे 'मी ग्रहण करतो'. शेवटच्या 'मि'मध्ये 'मी' आहे. ही प्रतिज्ञा दुसरा कोणी आपल्या वतीने घेत नाही, ती आपण स्वतः घेतो. त्याच्या बदल्यात आजीकडून शब्द गोळा करावेत. हत्थ आणि हात, कण्ण आणि कान, दन्त आणि दात, कम्म आणि काम, अज्ज आणि आज, अशा जोड्या वहीत मांडाव्यात. रोज सकाळी वीस मिनिटे पाठांतर आणि सायंकाळी पाच नवे शब्द एवढे केले तरी अभ्यासाची घडी मोडत नाही.

या आग्रहामागे इतिहास आहे. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकावयाचे होते. ते नाकारले गेले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या परिश्रमाने मिळवली. पालीचा व्यासंगही त्यांनी असाच केला. त्यांनी सिद्ध केलेले पालीचे व्याकरण आणि शब्दकोश शासनाने प्रकाशित केलेल्या त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या १६ व्या खंडात आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, नागपुरात त्यांनी आपल्याला धम्म दिला, तोही याच शरद ऋतूत. ऑक्टोबर २०२४ मध्ये पालीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. परंतु दर्जा शासन देते, भाषा जिवंत ठेवतात ती शिकणारी मुले.

म्हणून पालकांना आमची एकच कळकळीची विनंती आहे. सुट्टीत मुलांना अवश्य घरी न्या. शेतात सोयाबीन-कापसाचे दिवस असतील तर थोडा हातभारही लावू द्या, कारण श्रमाची ओळख हेही शिक्षणच आहे. मात्र याच दिवसांत ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडतात. त्या गाडीत मुलाला बसवू नका. शाळा उघडण्याच्या दिवशी त्याला वसतिगृहाच्या दारात आणून सोडा. सुट्टीत विसरलेले शब्द आठवड्याभरात परत येतात, परंतु एक हंगाम शाळेबाहेर राहिलेले मूल परत येईलच याची खात्री देता येत नाही.

माजी विद्यार्थ्यांनीही आपापल्या गावी गेल्यावर विहारात एक तास या मुलांसोबत बसावे. शिकलेले गावात पोहोचवणे ही आपली चारिका आहे.