संगणकातील हिशेब मंदावतो तेव्हा : डेटाबेसवर नजर कशी ठेवावी

आज कापडाच्या बहुतेक पेढ्यांत बिल, चालान आणि मालाचा साठा संगणकावर असतो. जी खातेवही पूर्वी मुनीमजी कपाटात ठेवीत, ती आता डेटाबेस या नावाने यंत्रात बसलेली आहे. बिल बनविणारे सॉफ्टवेअर वेगळे आणि डेटाबेस वेगळा, हे व्यापारी बंधूंनी आधी लक्षात घ्यावे. सॉफ्टवेअर हा कारकून आहे, डेटाबेस ही त्याची वही. काम मंदावले की आपण कारकुनावर रागावतो, नाहीतर नवे यंत्र आणतो. वही उघडून कोणी पाहत नाही. आम्हीही हेच केले होते.

आमच्याकडे मजुरीवर कापड विणून देणाऱ्या मागवाल्यांचा हिशेब दर गुरुवारी होतो. एका वर्षी ऐन हंगामात एकेकाचा खातेउतारा निघायला 40 सेकंद लागू लागले. मधेच कोणी बिल करायला घेतले की त्याहून जास्त. मगरिबपर्यंत लोक ओट्यावर ताटकळत बसले. एक वयस्कर कारीगर कंटाळून रिकाम्या हाताने घरी गेले. शुक्रवारी बाजार बंद, म्हणून त्यांच्या हातात पैसे शनिवारी पडले. त्या गोष्टीची आम्हाला आजही शरम वाटते. सॉफ्टवेअरवाल्यांनी सांगितले, नवा सर्व्हर घ्या. आम्ही सर्व्हर न घेता 4 जीबीची रॅम 16 जीबी केली. पैसे गेले, गुरुवार तसाच राहिला.

यानंतर मात्र आम्ही पद्धतशीर नोंद ठेवू लागलो. आमचा डेटाबेस मायएसक्यूएल आहे, म्हणून पुढील सर्व माहिती त्याचीच आहे. आपल्याकडे कोणता आहे, हे सॉफ्टवेअरवाल्याला आधी विचारून घ्यावे.

पहिले काम साध्या वहीचे आहे. बिल जतन व्हायला किती सेकंद, खातेउतारा निघायला किती, महिन्याचा साठा दाखवायला किती, हे घड्याळ लावून लिहावे. सकाळी एकदा, दुपारी एकदा आणि हिशेबाच्या दिवशी गर्दीत एकदा. रोजचा वेग माहीत नसेल तर आज मंद आहे की नाही, हे कोणत्या आधारावर ठरविणार? माग रोज किती मीटर काढतो हे ज्याला ठाऊक, त्यालाच आज तो कमी चालला हे कळते.

दुसरे काम म्हणजे स्लो क्वेरी लॉग चालू करणे. डेटाबेसला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला क्वेरी म्हणतात. जी क्वेरी ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ घेते, तिची नोंद या लॉगमध्ये आपोआप होते. ही सोय मुळात बंद असते आणि तिची मर्यादा 10 सेकंदांची असते. दुकानाच्या कामाला 10 सेकंद फार झाले. आम्ही ती 1 सेकंदावर आणली. येथे दोन गोष्टी चुकतात. चालू डेटाबेसला नुसता हुकूम देऊन मर्यादा बदलली, तर आधीपासून जोडलेले संगणक जुन्याच मर्यादेवर राहतात. ते बंद करून पुन्हा जोडावे लागतात. दुसरे, डेटाबेस पुन्हा सुरू झाला की हा हुकूम विसरला जातो. म्हणून तो सेटिंगच्या फाईलमध्येच लिहून घ्यावा.

आता हा लॉग वाचायचा कसा? प्रत्येक नोंदीत किती वेळ लागला ते असते, शिवाय दोन आकडे असतात : किती ओळी तपासल्या आणि किती ओळी दिल्या. सगळे मर्म या दोन आकड्यांत आहे. आमच्या खातेउताऱ्यात 46 ओळी दिलेल्या होत्या आणि त्यासाठी 4 लाखांवर ओळी तपासलेल्या. म्हणजे एका मागवाल्याची चालाने शोधण्यासाठी कारकून दर वेळी अनेक वर्षांची वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळीत होता. त्याच क्वेरीच्या आधी 'एक्सप्लेन' हा शब्द लावून चालविली, तर टाइपच्या रकान्यात 'ऑल' आले, म्हणजे संपूर्ण तक्ता वाचला. आणि की या रकान्यात 'नल', म्हणजे कोणतीही सूची वापरली नाही.

या सूचीला इंडेक्स म्हणतात. खातेवहीच्या सुरुवातीला नावांची यादी व पानांचे क्रमांक असतात, तसाच हा प्रकार. पार्टीचा क्रमांक व तारीख यांचा मिळून एक इंडेक्स सुट्टीच्या दिवशी, आधी बॅकअप घेऊन, आम्ही करून घेतला. 40 सेकंदांचे काम एका सेकंदाच्या आत आले. ज्या कामासाठी सर्व्हर विकला जात होता, ते काम एका ओळीचे निघाले! पण म्हणून प्रत्येक रकान्यावर इंडेक्स करू नये. नवी नोंद होताना प्रत्येक इंडेक्सही लिहावा लागतो, त्यामुळे बिल जतन करणे जड होते. शिवाय इंडेक्स असूनही तो वापरला जात नाही असे घडते. आमच्या विक्रीच्या अहवालात तारखेतून वर्ष व महिना काढून तुलना केली जात होती, त्यामुळे तारखेचा इंडेक्स नुसता पडून होता. 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' असे लिहून घेतल्यावर तो कामाला लागला.

लॉगमध्ये मोठा दोष दिसत नाही आणि तरी काम अडते, तेव्हा चालू कामांची यादी पाहावी; तिला प्रोसेसलिस्ट म्हणतात. आमचा एक मुलगा बिल अर्धवट उघडे ठेवून चहाला जात असे. त्या बिलाच्या नोंदी अडकून पडत व बाकीचे थांबत. 50 सेकंदांनी त्यांना चुकीचा संदेश येई, कारण मूळ सेटिंगमध्ये वाट पाहण्याची मर्यादा तेवढीच असते. गंमत अशी की यादीत थांबलेले लोक काम करताना दिसतात आणि ज्याने अडविले तो 'स्लीप', म्हणजे झोपलेला दिसतो.

आता रॅमचे. डेटाबेस आपल्या वापरासाठी जी जागा राखतो, तिला बफर पूल म्हणतात आणि मूळ सेटिंगमध्ये ती फक्त 128 एमबी असते. आम्ही रॅम वाढविली, पण डेटाबेसला सांगितलेच नाही. फक्त डेटाबेससाठी ठेवलेल्या यंत्रात निम्म्यापासून पाऊण हिस्सा रॅम त्याला देता येते. त्याच यंत्रावर बिलेही होत असतील तर कमी द्यावी. ती पुरते की नाही, हे एकूण वाचनांपैकी डिस्कवरून किती करावी लागली यावरून कळते. हे आकडे डेटाबेस सुरू झाल्यापासूनचे एकूण असतात. म्हणून विजेच्या मीटरप्रमाणे आजच्या आकड्यातून कालचा वजा करावा.

हे सारे पाहण्यासाठी एक माणूस नेमावा आणि त्याला मालकाचा पासवर्ड न देता वेगळे, मर्यादित खाते द्यावे. लॉगमध्ये पार्ट्यांची नावे व रकमा येऊ शकतात. लोकांचा हिशेब आपल्याजवळ अमानत आहे. ती फाईल जशीच्या तशी कोणाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नये, सॉफ्टवेअरवाल्यालाही नाही.

आलेख काढून दाखविणारी ग्राफाना, प्रोमिथियस यांसारखी साधने फुकट मिळतात. तीन-चार शाखा एकाच डेटाबेसवर चालत असतील तर ती बसवून घेण्यासारखी आहेत. पाच संगणकांच्या पेढीला वही, घड्याळ आणि आठवड्यातून एकदा चाळलेला लॉग पुरतो. आम्ही तो बुधवारी रात्री चाळतो, म्हणजे काही निघाले तर गुरुवारच्या आत एक सकाळ हाताशी राहते.