घरातील राउटर आणि त्याची जुळणी

‘नेट चालत नाही’ म्हणून आपण कंपनीस दोष देतो; पण पुष्कळदा दोष घरातच असतो. राउटरच्या तळाशी छापलेला पत्ता (बहुधा १९२.१६८.१.१) त्याच वायफायवरील मोबाइलच्या ब्राउझरमध्ये घातला की सेटिंग उघडते. तेथे प्रथम पाहावा तो चॅनल. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील लगतचे चॅनल एकमेकांपासून अवघे ५ मेगाहर्ट्झ दूर, आणि प्रत्येक राउटरला जागा लागते सुमारे २० मेगाहर्ट्झ! म्हणून १, ६, ११ असे अंतर राखावे लागते. नाहीतर शेजाऱ्याच्या लहरी आपल्या लहरींत मिसळतात. आमच्या चाळीत बहुतेक राउटर ६ वर होते. आमचा ११ वर नेला, आणि बहिणीचा ऑनलाइन तास मध्येच तुटणे थांबले. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान खरा, परंतु भिंत आड आली की दुबळा.

सुरक्षिततेकडे मात्र आपण सर्रास कानाडोळा करतो. ‘डब्ल्यूईपी’ ही जुनी पद्धत २००१ मध्येच फोडली गेली. २०१८ ची ‘डब्ल्यूपीए-३’ असल्यास ती, नसल्यास ‘डब्ल्यूपीए-२’ निवडावी. वायफायचा आणि सेटिंगचा पासवर्ड निरनिराळा हवा. आमचे दोन्ही एकच होते. शेजारच्या पोराने एके रात्री आमच्या वायफायचे नावच बदलून टाकले, तेव्हा हे कळले.